परळच्या दामोदरची तारीख

मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाला 'दामोदर' म्हटलं की पुढे हॉल किंवा नाट्यगृह असं काही जोडावं लागत नाही. "रविवारी दामोदरला नमन आहे" एवढं पुरायचं. परळला डॉ. आंबेडकर रस्त्यावर 1922 साली उभं राहिलेलं हे नाट्यगृह 2023च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. शंभर वर्षांत इथे व्यावसायिक नाटकं झाली, स्पर्धा झाल्या, सभाही झाल्या. पण दामोदरचा खरा धनी होता तो गिरणगावातला हौशी कलावंत, म्हणजे दिवसा साच्यावर उभा राहणारा आणि सुट्टीच्या दिवशी तोंडाला रंग लावणारा.

हे नाट्यगृह कोण्या नाटक कंपनीनं बांधलं नाही. ते सोशल सर्व्हिस लीगचं. ना. म. जोशी यांनी 1911 साली ही संस्था काढली. जोशी मूळचे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. सरकारी शाळेतली मास्तरकी सोडून ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले, पुढे 1920 साली आयटक ही कामगार संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि कामगार चळवळीतलं मोठं नाव झाले. कामगाराला पगार हवा, तसं वाचायला पुस्तक हवं, शिकायला रात्रशाळा हवी आणि चार घटका करमणूकही हवी, असा लीगचा साधा हिशेब होता. परळच्या आवारात या सगळ्यांची सोय एकत्र झाली. गंमत अशी की कामगारांच्या या सभागृहाला नाव मिळालं ते दामोदर ठाकरसी मूळजी यांचं, म्हणजे एका गिरणीमालक घराण्यातलं. याच घराण्याचं नाव एसएनडीटी विद्यापीठालाही आहे.

सभागृह उभं राहून दोन वर्षं होतात न होतात तोच, 9 मार्च 1924 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी बैठक बोलावली ती दामोदर हॉलमध्येच. त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेब तेव्हा परळच्याच चाळीत राहत होते. त्यामुळे या वास्तूचा इतिहास नुसत्या नाटकांच्या जाहिरातींतून लिहिता येत नाही.

रंगमंचावर मात्र राज्य केलं ते कामगारांनी. सहकारी मनोरंजन मंडळासारखी कामगारांची नाट्यसंस्था याच आवारात वाढली. गिरणीतला माणूस बहुधा रत्नागिरीचा, सिंधुदुर्गाचा, नाहीतर घाटावरचा. बायकामुलं गावाला आणि हा एकटा मुंबईत. एका गावची माणसं एका खोलीत दाटीनं राहत आणि खानावळीत जेवत. त्या खोलीतूनच गावाचं 'मुंबईकर मंडळ' उभं राही. देवळाचा जीर्णोद्धार असो, शाळेचं छप्पर असो की विहीर, पैसा उभा करायचा तर मंडळानं दामोदरची तारीख घ्यायची, पत्रकं छापायची, आणि वाडीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात दहा-दहा तिकिटं मारायची. तिकीट घेणारा चुलतभाऊ, आणि पडद्याआड लुगडं नेसून गौळण व्हायला बसलेला पुतण्या!

नमन या कोकणी लोकनाट्याचा प्रयोग सुरू होतो तो देवाला हाळी घालून. मृदंगवाले ओळीनं उभे राहतात. ग्रामदैवतापासून सुरुवात करून एकेका देवाचं नाव घेतलं जातं, आणि आपल्या गावच्या देवाचं नाव आलं की मागच्या रांगांतले हात आपसूक जोडले जातात. मग गण, गौळण, पेंद्या आणि मावशीचे विनोद, काळा अंगरखा घालून उड्या मारत येणारा संकासुर, आणि शेवटी वग. मध्येच ध्वनिक्षेपकावर देणगीदारांची नावं पुकारली जातात. बाहेरच्याला तो रसभंग वाटेल. इथल्या प्रेक्षकाला मात्र कोणी किती दिले हे ऐकायचंच असतं.

शक्ती-तुऱ्याचा सामना असेल तर रंग आणखी वेगळा. मधोमध गाणारा शाहीर आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधून फेर धरलेले नाचे. शक्तीवाला प्रकृतीला थोर मानणार, तुरेवाला पुरुषाला. एका शाहिरानं पुराणातला अवघड सवाल गाण्यातून टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याच्या बारीत त्याचा जबाब द्यायचा. जबाब फसला तर प्रेक्षकातले जाणकार माफ करत नाहीत. दशावताराची तऱ्हा निराळी. तिथे लिहिलेली संहिताच नसते. कथानक ठरवून घ्यायचं आणि संवाद रंगमंचावर उभ्याउभ्या रचायचे.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तिथे मॉल नि टॉवर आले. कामगार विरार, डोंबिवली, नाहीतर गावची वाट धरून गेला. तरी मंडळं मोडली नाहीत. सगळ्यांना सोयीचं, रेल्वेनं गाठता येईल असं मधलं ठिकाण म्हणून ती परळलाच येत राहिली. गिरणी गेली, पण गिरणीकामगाराची मुलं तालमीला येत राहिली.

स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क या कापडगिरणीच्या गावात गिरणीचालक रॉबर्ट ओवेननं 1816 साली कामगारांसाठी अशीच एक वास्तू उघडली होती. तिथेही शिक्षण, गाणं आणि नाच यांची सोय होती. तिथली गिरणी 1968 साली थांबली, आणि 2001 पासून ते गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यांनी इमारती छान राखल्या. आपल्याकडे इमारत गेली, पण जी कला त्या इमारतीत नांदत होती ती जिवंत आहे, आणि ती काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नाही.

म्हणून पुनर्विकासात उभ्या राहायच्या नव्या नाट्यगृहाच्या वादात आसनं किती, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी अपुरा आहे. वातानुकूलित, झगमगीत सभागृह झालं आणि त्याचं भाडं एखाद्या वाडीच्या मंडळाला झेपलं नाही, तर पाटीवर दामोदर लिहून काय उपयोग? परळचा वारसा त्या रंगमंचावर उभं राहण्याच्या हक्कात आहे. शनिवार-रविवारच्या काही तारखा लोककलेसाठी राखीव ठेवाव्यात, भाडं गावमंडळाच्या आवाक्यातलं असावं, आणि रंगपटात वीस-पंचवीस जणांच्या संचाला बसायला जागा असावी. एवढं कागदावर लिहून दिलं, तर जुन्या भिंतींबद्दल हळहळत बसायला मंडळांना सवड मिळणार नाही. ती तालमीला लागलेली असतील.