एकोणसत्तर ठिणग्या

डाव्या वरच्या शिरेत 31, उजव्या वरच्या शिरेत 17, डाव्या खालच्या शिरेत 11, उजव्या खालच्या शिरेत 6. एकूण 65. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या 3 सप्टेंबर 1998 च्या अंकात हे आकडे छापून आले. निबंधावर पहिलं नाव होतं फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या मिशेल हाइसागेर यांचं. हृदयाच्या तालावरच्या संशोधनात ज्या लेखनाचे सर्वाधिक दाखले दिले जातात, त्यांत या आठ पानांची गणना होते. ते दाखले हजारोंच्या घरात आहेत. मला मात्र त्या हजारांपेक्षा या चार आकड्यांचं अप्रूप जास्त आहे.

नाडी कधी पळते, कधी अडखळते, तिला ठेकाच सापडत नाही, अशी अवस्था एट्रियल फिब्रिलेशनमध्ये होते. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. आत रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूपर्यंत पोहोचली, तर पक्षाघात ओढवतो. 1960च्या आसपास गॉर्डन मो यांनी मांडलं की, अशा वेळी अलिंदभर अनेक विद्युतलहरी एकाच वेळी भटकत असतात. मग उपाय काय? लहरींच्या वाटा अडवायच्या. जेम्स कॉक्स या सर्जननी 1987 मध्ये अलिंदावर छेदांचा चक्रव्यूह रचून तेच केलं. हाइसागेरही सुरुवातीला याच वाटेने गेले. 1994 मध्ये त्यांनी छाती न उघडता, कॅथेटरच्या, म्हणजे हृदयात सरकवलेल्या बारीक नळीच्या, टोकाने अलिंदाच्या आत डागण्यांच्या रेषा ओढून पाहिल्या.

पण थरथर एकदा पेटली की तिचा उगम शोधणं वणव्यात पहिली काडी शोधण्यासारखं असतं. बोर्दोच्या मंडळींनी त्या पहिल्या काडीवरच नजर ठेवली. औषधांना दाद न देणारे 45 रुग्ण त्यांनी निवडले. त्यांची थरथर दिवसाला सरासरी 344 मिनिटं चाले. हृदयात कॅथेटर ठेवून, थरथर आपोआप सुरू होण्याच्या क्षणी पहिला अवेळी ठोका कुठून येतो, याची त्यांनी नोंद केली. अशी 69 ठिकाणं सापडली. त्यांतली अलिंदात फक्त चार होती. बाकी सारी फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरांमध्ये, तोंडापासून दोन ते चार सेंटिमीटर आत होती. तिथे रेडिओलहरींनी डागल्यावर सरासरी आठ महिन्यांच्या पाठपुराव्यात 28 जणांचा विकार उलटला नाही.

शिरेत ठोका कुठून येणार, असं वाटेल. उत्तर जुनंच होतं. 1966 मध्ये नेथन आणि एलियाकिम यांनी मानवी हृदयं तपासून दाखवलं होतं की, अलिंदाचा स्नायू बाहीसारखा या शिरांवर चढलेला असतो. त्याच्याही कितीतरी आधी, 1876 मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ब्रंटन आणि फेरर यांनी या शिरा स्वतंत्रपणे धडधडतात, अशी टिपणी सादर केली होती. हे फेरर म्हणजे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणारे, भारतातल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ लिहिणारे जोसेफ फेरर. नागाच्या विषावरचं संशोधनही याच जोडीचं. ती टिपणी आणि बोर्दोचा निबंध यांत 122 वर्षांचं अंतर आहे! ही निरीक्षणं चुकीची नव्हती. त्यांना रुग्णाच्या खाटेशी जोडणारं कोणी भेटलं नव्हतं, इतकंच.

कोण कोणाचा दाखला देतो, याची सूची करण्याची कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये मांडली. त्या सूचीतून पुढे संशोधकाचं वजन मोजण्याचे तराजू निघाले. दाखला म्हणजे शाबासकी, असं आपण सहज धरून चालतो, आणि तिथेच फसगत होते. शिरेच्या आत डागलं, तर शिराच अरुंद होते, हे लवकरच ध्यानात आलं. मग आत न शिरता तोंडाशी गोल डागून शिरेचा अलिंदाशी असलेला विद्युतसंबंध तोडायची पद्धत आली. बोर्दोचाही त्यात मोठा वाटा होता. म्हणजे 1998 च्या निबंधाचे दाखले देणाऱ्यांत त्यातलं तंत्र बदलणारेही आले.

हाइसागेर यांचाच 2008 चा निबंध याहून बोलका आहे. ईसीजीतली एक छोटी खूण, ‘अर्ली रिपोलरायझेशन’, तरुण खेळाडूंमध्ये नेहमी दिसते म्हणून निरुपद्रवी मानली जाई. अचानक हृदय थांबून वाचलेल्या आणि एरवी हृदयात दोष न सापडलेल्या 206 जणांपैकी 31 टक्क्यांत ती आढळली. तुलनेच्या 412 जणांपैकी 5 टक्क्यांत. मग ही खूण असलेल्या धडधाकट माणसाला काय सांगायचं? त्यावर वर्षानुवर्षं वाद झडले आणि त्या वादातला प्रत्येक लेख हा या निबंधाचा एकेक दाखला ठरला. उलट, ज्या अब्लेशनमध्ये, म्हणजे डागण्याच्या उपचारात, शिरा अलिंदापासून वेगळ्या करतात, तिथे आता त्या वेगळ्या का करायच्या हे सांगायला कोणी थांबत नाही. ज्ञान इतकं मुरलं की मूळ नाव गळून पडतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञानातल्या या विस्मरणावर लिहून ठेवलं आहे.

थरथर दीर्घकाळ टिकलेल्या रुग्णांत शिरांखेरीज अलिंदातही डागावं, असा बोर्दोचा पुढचा आग्रह होता. 2015 मध्ये 589 रुग्णांवरच्या एका चाचणीत जादा डागण्यांचा फायदा दिसला नाही. आता तर उष्णतेऐवजी अतिसूक्ष्म काळाचे विद्युतझटके देणारी यंत्रं आली आहेत. कॅथेटर नवा, ऊर्जा नवी. पण तो आधी जातो त्याच चार शिरांच्या तोंडाशी.