यंत्राची स्मृती

मनुष्याला आपल्या स्मृतीचा भरवसा नाही, म्हणून त्याने लेखनाची युक्ती काढली. शिळा, ताम्रपट, भूर्जपत्र, कागद असा प्रवास करीत आज आपण आपले दप्तर संगणकाच्या स्वाधीन केले आहे. तेथे ते राहते कसे आणि टिकते किती, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

संगणकाला अक्षरओळख नाही. त्याला दोनच खुणा कळतात : एक आणि शून्य. अशा आठ खुणांचा एक बाइट होतो. आज रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘राम’ या शब्दात र, काना आणि म अशी तीन चिन्हे. म्हणजे ९ बाइट, अर्थात ७२ खुणा झाल्या. आता या खुणा ठेवावयाच्या कोठे? जो पदार्थ दोन अवस्थांपैकी एकीत आणता येतो व तेथेच राहतो, तो या कामी चालतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात फेराइटची चिमुकली कडी होती. चुंबकत्व एका दिशेचे असले तर एक, उलट असले तर शून्य. ४० खुणांचा एक, असे २०४८ शब्द त्यात मावत. आज मोबाइलने घेतलेले एक छायाचित्रही तेवढ्या जागेत बसणार नाही. गंमत अशी, की अशा कड्यातील खूण वाचताच पुसली जाई आणि यंत्राला ती लगेच पुन्हा लिहावी लागे.

पुढे सर्वत्र पसरलेल्या हार्ड डिस्कमध्ये हेच चुंबकत्व तबकडीवरील पातळ थरात असते. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्या अगदी निकट तरंगणारे टोक खुणा लिहिते व वाचते. पेन ड्राइव्हमध्ये मात्र काहीच फिरत नाही. तेथे विद्युत्‌रोधक थराच्या आत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. वीज गेली तरी ते बाहेर पडत नाहीत, हीच त्याची स्मृती.

परंतु कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतात. प्रत्येक पुनर्लेखनाने तो थर झिजतो. फिरणारी तबकडीही एके दिवशी थांबते. तेव्हा अक्षय असे साधन यांत एकही नाही.

मग टिकते काय? ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाही, तरी ग्रंथ आपल्या हाती आहे. कारण पिढ्यांनी त्याच्या नकला केल्या आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठ ताडून तो शुद्ध केला. यंत्राच्या स्मृतीलाही हाच न्याय लागू आहे. घरातील छायाचित्रे, वडिलांचा आवाज, जमिनीचे कागद एकाच पेटीत ठेवून निर्धास्त राहू नये. निरनिराळ्या साधनांवर दोन-तीन प्रती कराव्यात, एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि वर्षातून एकदा सर्व उघडून पाहाव्यात. साधन खुणा धरून ठेवील. जतन करणे हे मात्र आपलेच काम आहे.