घुमणारे ध्वनिक्षेपक : दोषाचा शोध व दुरुस्ती

ज्यांच्या पेटीतच कर्ण्याबरोबर वर्धकही बसविलेला असतो, असे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेले ध्वनिक्षेपक आपल्या व्यापारी संस्थांच्या सभागृहांतून आणि धर्मशाळांतून अद्यापि उभे असलेले दिसतात. ही रचना मुळीच नवी नव्हे. राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी हलत्या वेटोळ्याच्या कर्ण्यावरील आपला निबंध १९२५ साली मांडला, आणि त्यावरून १९२६ साली जे यंत्र बाजारात आले, त्याच्या पेटीतच वर्धक होता. सोय मोठी, परंतु वर्धकाची उष्णता आणि कर्ण्याचे हादरे एकाच बंद पेटीत कोंडले जातात, आणि वार्धक्यातील बहुतेक दुखणी येथूनच उद्भवतात.

साधूंनी ध्वनिवर्धकापुढे बोलावे की नाही, याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. अनेक स्थानकवासी साधू अग्निकायिक जीवांच्या हिंसेच्या विचाराने तो वर्ज्य मानतात. त्या वादात मला शिरावयाचे नाही. जेथे तो वापरला जातो, तेथे शेवटच्या रांगेतील वृद्धांना शब्द स्पष्ट ऐकू यावेत, एवढेच माझे म्हणणे. २०२३ च्या दशलक्षण पर्वात आमच्या सभागृहातील डाव्या पेटीने अशी काही घूं घूं मांडली की, प्रवचनातील अर्धे शब्द तीत बुडून जात. दोन्ही पेट्या भंगारात देऊन नव्या घ्याव्यात, असा ठराव समितीपुढे आला. पोत्यात सळई खुपसून नमुना पाहिल्यावाचून आपण धान्याचा भाव करीत नाही. मग पेटी न उघडताच तिचा निकाल का लावावा, असे मी विचारले. ठराव महिनाभर तहकूब झाला आणि एका तरुण कारागिरास पाचारण करण्यात आले.

त्याने हत्याराला हात लावण्यापूर्वी केवळ तारा अदलाबदल केल्या. उजवीची तार डावीस व डावीची उजवीस लावली, तरी घुमणे डावीतच राहिले. पुढे ध्वनीची तार अजिबात काढून घेतली. तरीही ते थांबले नाही. तार काढताच आवाज बंद झाला असता, तर दोष बहुधा तारेत किंवा भूतारेच्या जोडणीत निघाला असता. व्यासपीठ एका बोर्डावर आणि पेट्या दुसऱ्या बोर्डावर असल्या म्हणजे असे पुष्कळदा घडते. अशा वेळी काही मंडळी प्लगाची भूतारेची खीळ काढून टाकतात. हे कृत्य प्राणघातक आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घेणे हा खरा उपाय.

तिसरी कसोटी आवाजाच्या बटणाची. बटण शून्यावर आणले असता घुमणे नाहीसे होत असेल, तर दोष बटणाच्या अलीकडील भागात असतो. आमचे घुमणे तसूभरही कमी झाले नाही; अर्थात संशय विद्युत्पुरवठ्यावर गेला. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची. ती एकदिश केल्यावर तिच्यात १०० आवर्तनांची लहर उरते, आणि ती लहर गिळण्याचे काम मोठ्या धारित्राचे, म्हणजे बाजारात ज्यास कंडेन्सर म्हणतात त्याचे. त्यात ॲल्युमिनियमचे पत्रे व द्रावाने भिजविलेला कागद गुंडाळलेला असतो. उष्णतेने द्राव सुकतो, धारणशक्ती घटते आणि लहर कर्ण्यापर्यंत पोहोचते. उष्णमान १० अंशांनी वाढले की या वस्तूचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

पेटी उघडण्यापूर्वी वीज तोडलीच पाहिजे. परंतु तेवढ्याने भागत नाही. धारित्रात साठा उरलेला असतो. पेचकसाने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची रीत वाईट. रोधातून सावकाश उतरवून मीटरने शून्य पाहावे. आमच्या पेटीतील दोन मोठ्या धारित्रांची माथी फुगलेली होती. ४७०० मायक्रोफॅरडची खूण असलेले एक मोजले, तो जेमतेम १९०० भरले! मापात एवढी तूट आपल्या बाजारात कोणी चालवून घेतली असती काय?

नवे धारित्र तितक्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तितकेच किंवा अधिक, आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचे घ्यावे. ऋण बाजूची पट्टी उलटी लागली तर ते फुटते. आमच्याकडील माल पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणविला. चारही नगांची किंमत तांदळाच्या एका पोत्याहून कमी पडली. हादऱ्यांनी तडकलेले दोन टाकेही कारागिराने भिंगाखाली शोधून पुन्हा डाखले.

त्यानंतरही त्याने पेटी थेट विजेवर लावली नाही. १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा मध्ये जोडला. दिवा क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे आत कोठे विजेच्या तारा भिडलेल्या नाहीत. तो प्रखर राहिला असता तर तेथेच थांबावे लागले असते. ही युक्ती वजनदार रोहित्राच्या जुन्या यंत्रांना लागू पडते.

उजवी पेटी अद्याप घुमत नव्हती. परंतु तिची धारित्रे त्याच वयाची म्हणून उरलेले दोन नग तीत बसविले. त्या वेळी तिच्या कर्ण्याच्या कडेचा स्पंज बोट लागताच भुगा होऊ लागला. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत हा स्पंज फार टिकत नाही. ती कडा नव्याने चिकटविण्याचे काम तेवढे शिल्लक आहे.