पावातली गुंगी

अमेरिकेत बागेतल्या किंवा विमानतळालगतच्या तळ्यावर कॅनडा गूज पक्ष्यांनी ठाण मांडलं, की त्यांना इजा न करता हलवायचं कसं? जाळं पाहिलं की थवा बिथरतो. अशा वेळी तिथल्या कृषी खात्याचे प्रशिक्षित कर्मचारी अल्फा-क्लोरालोज हे गुंगीचं औषध वापरतात. १९९२ मध्ये त्याला मर्यादित परवानगी मिळाली.

क्लोरल आणि ग्लुकोजपासून बनलेलं हे औषध मेंदूचं काम मंदावतं. मात्रा दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिग्रॅम. आधी काही दिवस साधा पाव टाकून पक्ष्यांना सवय लावतात, मग औषध भरलेला तुकडा एकेका पक्ष्यापुढे नेमका टाकतात. एखाद्या हावऱ्या पक्ष्याने शेजाऱ्याचाही तुकडा गिळला, तर मात्रा दुप्पट! म्हणून नजर हटवायची नाही. थोड्या वेळाने पक्षी अडखळतो, पाय फाकवून बसतो, मान लोंबते.

खरा धोका यानंतरच. गुंगीत पाण्यात शिरलेल्या पक्ष्याची चोच बुडाली, की तो गुदमरतो. म्हणून होडी तयारच हवी. शरीराचं तापमानही त्याला सांभाळता येत नाही, त्यामुळे ऊन-थंडी दोन्ही टाळावी लागतात. बहुतेक पक्षी २४ तासांत सावरतात. मला यात औषधापेक्षा माणसांची दक्षता मोलाची वाटते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्षी विनापरवाना पकडणं गुन्हा आहे. तळ्याकाठी कुणी संशयास्पद दाणे टाकताना दिसलं, तर लगेच वनविभागाला कळवा.