लिनक्सवर एआय फोटो एडिटर: काय इन्स्टॉल करायचं आणि कुठे थांबायचं



पीएच.डी. म्हटलं की वाचन, प्रयोग आणि आकडे एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण पोस्टर, पेपर, थिसिस या सगळ्यांत चित्रं लागतात आणि त्यांच्यावर बराच वेळ जातो. जर्नल ३०० डीपीआय मागतं आणि आपल्याकडे असते छोटीशी फाईल. मग कुणीतरी सुचवतं, "एआय वेबसाइटवर टाक, एका मिनिटात क्लिअर होईल." तसं करण्याआधी हा लेख वाचा.

पहिला प्रश्न गोपनीयतेचा. अप्रकाशित डेटा किंवा रुग्णाचा एक्स-रे अनोळखी वेबसाइटवर अपलोड केला, की त्याचं पुढे काय होईल यावर आपला ताबा राहत नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर चालतं आणि पैसेही लागत नाहीत. म्हणून लिनक्सवर पुढची तीन साधनं इन्स्टॉल करून ठेवा. (आदेश इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.)

१. गिम्प. १९९५ मध्ये बर्कली इथल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा एडिटर आजही विनामूल्य आहे. टर्मिनलमध्ये 'सुडो एप्ट इन्स्टॉल गिम्प' दिलं की झालं. मात्र उबुंटू २४.०४ वर असं केल्यास जुनी २.१० मालिका मिळते. मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० मालिका हवी असेल तर फ्लॅटहबवरून घ्या. लिनक्स मिंटमध्ये फ्लॅटहबची सोय आधीपासून असते, उबुंटूवर मात्र फ्लॅटपॅक इन्स्टॉल करून फ्लॅटहब जोडावं लागतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २.१० साठी लिहिलेले प्लग-इन ३.० वर तसेच्या तसे चालत नाहीत. त्यामुळे एखादा एआय प्लग-इन घेण्याआधी तो कोणत्या मालिकेसाठी आहे ते बघा.

२. अपस्केल. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'सी-ए-वाय-एल' येतं, शोधताना चुकू नका. हे सॉफ्टवेअर छोटा फोटो एआय मॉडेलने मोठा करतं. हेही फ्लॅटहबवर आहे. त्याला व्हल्कन चालणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. लॅबच्या जुन्या पीसीवर अडलं तर 'व्हल्कनइन्फो' हा आदेश चालवून कार्ड दिसतंय का ते आधी तपासा.

३. रेमबीजी. फोटोची पार्श्वभूमी काढणारं पायथॉन पॅकेज. नव्या उबुंटू-डेबियनवर 'पिप'ने थेट इन्स्टॉल करायला गेलात तर सिस्टिम नकार देते. जबरदस्ती करू नका. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा आणि त्यात इन्स्टॉल करा. पहिल्यांदा चालवताना मॉडेलची फाईल डाउनलोड होते, म्हणून तेव्हा इंटरनेट चालू ठेवा.

इथपर्यंत सोपं आहे. आता महत्त्वाचा भाग.

फोटो मोठा करताना एआय नेमकं काय करतं? मॉडेलने असंख्य फोटो पाहिलेले असतात. तुमच्या धूसर फोटोत जे नाही ते "इथे साधारण असं असावं" या अंदाजाने भरलं जातं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाचं 'पल्स' हे मॉडेल चर्चेत आलं होतं. बराक ओबामांचा पिक्सेल झालेला, तरीही सहज ओळखू येणारा फोटो त्याला दिला, तर एका गोऱ्या माणसाचा सुबक चेहरा बाहेर आला. चित्र स्वच्छ होतं, पण माणूसच दुसरा होता. आता ओबामांच्या जागी तुमची पेशी ठेवून बघा. मॉडेलने तिच्या कडेला एखादा बारीक तंतू काढला, तर तो खरा की अंदाजाचा हे डोळ्यांनी कसं ओळखणार?

मोजमापाचाही घोळ होतो. चित्र ४ पट मोठं केलं की तेवढ्याच अंतरात ४ पट पिक्सेल येतात. इमेजजेमध्ये जुनंच कॅलिब्रेशन राहिलं, तर १० मायक्रॉनची वस्तू ४० मायक्रॉनची दिसेल.

हे प्रकरण गंभीर का आहे, तेही बघा. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'एमबायो' या जर्नलमध्ये २०,६२१ शोधनिबंधांतल्या चित्रांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद चित्रं सापडली. ही एआयच्या लाटेच्या आधीची गोष्ट आहे. आज अनेक जर्नल्स चित्रांची वेगळी छाननी करतात.

मग नियम काय ठेवायचा? चित्र पुरावा आहे की सजावट, हे आधी ठरवा.

सेमिनारच्या स्लाइडवर उपकरणाचा फोटो लावायचाय, पोस्टरसाठी मागची भिंत काढायचीय, तर एआय खुशाल वापरा. पण मायक्रोस्कोपची प्रतिमा, जेल, ब्लॉट, एक्स-रे, म्हणजे ज्यावरून निष्कर्ष काढला जातो ते चित्र, त्याला एआय लावू नका. तिथे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलायचा तर संपूर्ण चित्रावर सारखाच बदला, आणि एखादा फिका पट्टा नाहीसा होईल इतका नाही. गॅमा बदलला तर चित्राखालच्या मजकुरात तसं लिहा.

आणि ते ३०० डीपीआय? आधी मूळ सॉफ्टवेअरमधून पूर्ण आकाराची फाईल पुन्हा एक्सपोर्ट करा. तरीही कमी पडली तर गिम्पच्या 'स्केल इमेज'मध्ये इंटरपोलेशन 'नन' ठेवून पूर्ण पटीत, म्हणजे २ किंवा ३ पट, मोठं करा. चित्र ठोकळ्याठोकळ्यांचं दिसेल, पण त्यात नवं काही घुसणार नाही.

शेवटी तीन सवयी आजपासूनच लावा. मूळ फाईल टिफमध्ये, वेगळ्या फोल्डरमध्ये, लिहिण्याची परवानगी काढून ठेवा. काम नेहमी प्रतीवर करा. आणि कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणतं मॉडेल आणि काय सेटिंग वापरलं, ते त्याच दिवशी लॅब नोटबुकात लिहा.

उद्या व्हायवात परीक्षकांनी चित्रावर बोट ठेवून "हे असंच दिसलं होतं का?" असं विचारलं, तर मूळ फाईल आणि वहीतलं ते पान समोर ठेवता आलं पाहिजे.