डॉक्टर टिकतो कशाने?

गावच्या दवाखान्यात नवे डॉक्टर येतात. चार माणसांची ओळख होते न होते तोच ते निघून जातात. मग पारावर बोलणे होते, "पैशामागे गेला, दुसरे काय!" हे कितपत खरे, ते आज पाहू.

पगाराला महत्त्व आहेच. पण मेयर आणि ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले की, माणूस संस्थेला तीन धाग्यांनी बांधला जातो. एक हिशेबाचा : सोडले तर नुकसान होईल. दुसरा कर्तव्याचा : सोडणे बरे नव्हे. तिसरा जिव्हाळ्याचा : ही संस्था माझी आहे. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरकडून सेवेचे बंधपत्र लिहून घेतात, तो हिशेबाचा धागा झाला. त्याने पाय बांधले जातात. मन बांधायला जिव्हाळाच लागतो. तो उपजतो कसा? आपली येथे कदर आहे, अडचणीत कोणी पाठीशी आहे, असे वाटले म्हणजे.

आता मुंबईच्या उपनगरांकडे या. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, अंधेरीशेजारी विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये. कूपरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. अशा मोठ्या रुग्णालयांचा भार निवासी डॉक्टरांवर असतो. निवासी डॉक्टर म्हणजे शिकता शिकता रुग्णसेवा करणारा तरुण. आठवड्याला ४८ तास काम, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच ठरवून दिले. पण रुग्णांची गर्दी घड्याळ कोठे पाहते?

थकवा एक वेळ सोसतो. मार खाऊन एकटे पडणे सोसत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातलगांनी एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण केली. त्याच्या डोळ्याला इजा झाली. पाठोपाठ मुंबईसह राज्यातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. रुग्णांचे हाल झाले, हेही खरे. पण मागणी काय होती? पगारवाढीची नव्हे, संरक्षणाची! अशा मारहाणीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड सांगणारा कायदा २०१० पासून होताच. पण मध्यरात्री वॉर्डात कायदा धावून येत नाही. माणूसच यावा लागतो.

पाठबळ म्हणजे तरी काय? दारावर रखवालदार, पाठ टेकायला खोली, रात्री गरम जेवण. हाकेला येणारे वरिष्ठ, आणि चूक झाली तर चारचौघांत न झापता समजावून सांगणारे. शिक्षकमंडळींना हे निराळे सांगायला नको. हेडमास्तर पाठीशी असले की आडगावची शाळासुद्धा आपली वाटते!

आपल्याकडूनही थोडे व्हावे. रोग्याबरोबर दोघांनीच आत जावे, बाकीच्यांनी बाहेर थांबावे. तक्रार असेल तर लेखी द्यावी. आणि गावी नवे डॉक्टर आले, की त्यांच्या खोलीला पाणी आहे का, दार नीट लागते का, एवढे तरी जाऊन पाहावे.