खपली गहू आणि तांबेऱ्याचा पाडाव

गव्हावरील काळ्या तांबेऱ्याचा बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन येतो, रात्रीच्या दवात अंकुरतो, आणि त्याचा सूक्ष्म तंतू पानाच्या पृष्ठावरील उंचवट्यांचा माग काढीत पर्णरंध्रापाशी पोहोचला, म्हणजे तेथून त्याचा आत शिरकाव होतो. आत गेल्यावर तो पेशीची भित्ती भेदतो. परंतु आतील नाजूक पटल न फाडता ते केवळ मागे लोटून त्यात आपले चूषकांग रोवतो, कारण या परजीवीस जिवंत पेशीचेच अन्न लागते, मृत पेशी त्याच्या काडीच्याही उपयोगाची नाही.

याच परावलंबनात रोपाच्या प्रतिकाराचे मर्म दडले आहे. तांबेरा चूषकांगावाटे काही प्रथिने पेशीत सोडून तेथील बंदोबस्त ढिला करू पाहतो. पण ज्या वाणात त्यांपैकी एखादे ओळखणारे ग्राहक-प्रथिन पहाऱ्यावर असते, त्या वाणातील पेशी तत्काळ स्वतःच प्राण सोडते, आणि शत्रू तिच्याबरोबर उपासमारीने खुंटतो. पानावर फिकट ठिपका तेवढा उरतो. मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी १९१५ साली या वृत्तीस ‘अतिसंवेदनशीलता’ म्हटले. सर्वांत चिवट वाणाच्या पेशी सर्वांत लवकर मराव्यात, हा विरोधाभास मला तरी मोठा विलोभनीय वाटतो.

पुढे तांबेऱ्याच्या निरनिराळ्या वंशांची शहानिशा करण्यासाठी स्टॅकमन यांनी गव्हाच्या बारा वाणांचा जो संच वापरला, त्यात एक नाव आपल्या मुलखातले होते: खपली. सांगली-साताऱ्याकडे खिरीसाठी नावाजलेला, आणि कांडल्याखेरीज टरफल न सोडणारा हाच तो गहू. सिडनीच्या वॉटरहाऊस यांनी त्याचा तेथील स्टाइनवेडेल वाणाशी संकर करून ‘खापस्टाइन’ सिद्ध केला, आणि खपलीतील एसआर१३ हा जनुक त्या वाटेने साध्या गव्हात उतरला.

त्याचे मोल पुढे फार वाढले. राय धान्यातून आलेल्या एसआर३१ या जनुकावर जगातील असंख्य वाण दीर्घकाळ विसंबून होते. १९९८ साली युगांडात त्यालाही न जुमानणारा ‘यूजी९९’ हा वंश आढळला, तेव्हा त्यास रोखू शकणाऱ्या थोडक्या जनुकांत एसआर१३ निघाला. २०१७ साली तो विलग करण्यात आला आणि तोही अशाच एका ग्राहक-प्रथिनाचा आराखडा असल्याचे दिसून आले; मात्र त्यापूर्वीच इथिओपियातील शेतांत त्यालाही दाद न देणारे वंश सापडलेले होते.